मदत हवी आहे: वावराशेजारी तणमोर, कोळपणी कशी करू?

राम राम मंडळी. पारोळा तालुक्यात आमचं कपाशीचं वावर आहे, शेजारी पडीत गवत. पाऊस पडल्यापासून तिथे एक काळा पक्षी, डोक्यामागे तुरे, गवतातून सरळ वर उड्या मारतोय. मला तरी तणमोराचा नर वाटतो. २०२१ पासून हा आययूसीएनच्या (निसर्ग राखणारी जागतिक संघटना) यादीत अतिसंकटग्रस्त आहे. मादी जमिनीवरच अंडी घालते, म्हणून सालदाराला तिकडे कोळपं नेऊ नको म्हटलंय, फवारणीही थांबवलीय. तण माजलंय, आबा चिडलेत!

अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांनी याची घरटी राखली आहेत. तिकडचं कुणी आहे का? घरट्याभोवती किती जागा सोडायची, गवत कधी कापायचं? वनखात्याला कळवतोच, पण फोटोवाल्यांची जत्रा नको, म्हणून गावाचं नाव टाकत नाही.