लिनक्ससीएनसी: जी० मारला की एक्सला फॉलोइंग एरर, मदत हवी आहे

मंडळी, भोसरीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. जुन्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) कंट्रोलर गेला. नव्याचे भाव ऐकून गप्प बसलो आणि लिनक्ससीएनसी (पीसीवरून मशीन चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) बसवलं. डेबियन, रिअलटाइम कर्नल, इथरनेटवर मेसाचं ७आय७६ई कार्ड (पीसी आणि ड्राइव्हमधला दुवा), स्टेप-डिरेक्शनवाले (पल्सवर चालणारे) सर्व्हो ड्राइव्ह.

जी१ वर (ठरवलेल्या फीडच्या चालीवर) कटिंग झकास होतं. जी० (रॅपिड, म्हणजे फुल स्पीडची चाल) आला की टेबल सुटतानाच ‘जॉइंट ० फॉलोइंग एरर’ (एक्सची सांगितलेली आणि मिळालेली पोझिशन यांतला फरक मर्यादेबाहेर) येऊन मशीन बंद पडतं. मध्ये कुठेच नाही, फक्त सुटताना. वाय आणि झेड एकदम शहाणे. एक्सचा वेग निम्मा केला तरी तेच. अ‍ॅक्सलरेशन कमी केलं की एरर गायब. पण मग सायकल टाइम वाढतो, पार्टी ओरडते.

सर्व्हो थ्रेड (कंट्रोलचा लूप) १ मिलिसेकंदाचा, पी गेन (पोझिशनमधली चूक दुरुस्त करायचा जोर) १०००. बॉलस्क्रूवर संशय नको, कारण एन्कोडर (मोटरची पोझिशन मोजणारा) ड्राइव्हलाच जोडलाय, लिनक्ससीएनसीला फक्त स्टेपजेनचा (कार्डमधल्या पल्स बनवणाऱ्या भागाचा) फीडबॅक मिळतो. म्हणजे घोळ सेटिंगमध्येच.

स्टेपजेनचं मॅक्सअ‍ॅक्सेल जॉइंटच्या अ‍ॅक्सलरेशनपेक्षा तुम्ही किती जास्त ठेवता? डीपीएलएल टायमर (कार्डचं रीडिंग सर्व्हो थ्रेडच्या वेळेशी जुळवणारा) लावून कुणाला फरक पडलाय का? हालस्कोपचा (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या टूलचा) फोटो हवा असेल तर टाकतो. सोमवारी ऑर्डर चढवायची आहे, जरा लवकर सांगा.