बालगृहात शिकवायला जायचंय, पण वर्षभराचं वचन मागतात

पिंपळपान: नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, शनिवार-रविवार मोकळे असतात. जवळच्या एका बालगृहात मुलांना शिकवायला जावं असं फार मनात आहे. फोन केला तर अधीक्षकांनी पोलीस पडताळणी मागितली आणि 'किमान वर्षभर याल ना?' असं विचारलं. तीन महिने मनापासून केलं तर चालत नाही का? तुमच्यापैकी जे जातात ते या कामाकडे कसं बघतात?

सातारकर: ताई, अधीक्षकांनी योग्य तेच विचारलं. मी शनिवारी दुपारी मुलांच्या बालगृहात गणित घेतो. तिथली सगळी मुलं अनाथ नसतात. कुणाची आई आजारी, कुणाच्या घरी दारू, कुणी स्टेशनवर सापडलेलं. अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी बालकल्याण समितीच्या आदेशानं ती तिथे येतात. मोठी माणसं येतात नि निघून जातात, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून नवा दादा आला की ती नाव नंतर विचारतात, आधी 'परत कधी येणार?'

माझ्याकडे सातवीतला एक मुलगा बसतो. हातच्याची वजाबाकी अडली की वही मिटून मांडीखाली घालायचा. समजावून झालं, खाऊ देऊन झाला, वही काही बाहेर येईना. मग मी त्याच्या शेजारी बसून दुसऱ्यांच्या वह्या तपासत राहायचो. शाळा सुरू होताना आलेला हा मुलगा, दिवाळीच्या तोंडावर त्यानं वही माझ्याकडे सरकवली. तीही मिटलेलीच. तीन महिन्यांत एवढंसुद्धा झालं नसतं.

आणि कळकळीनं सांगतो, वाढदिवसाचा केक घेऊन फोटो काढायला जाऊ नका. पोरं रांगेत बसून अनोळखी माणसासाठी गाणं म्हणतात, ते मला बघवत नाही. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार या मुलांची ओळख पटेल असं नाव किंवा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही नको.

जाईजुई: मी मुलींच्या बालगृहात काळजीवाहक होते. सातारकरदादांचं पटलं. माझी एकच विनंती, 'तुझे आईबाबा कुठेत?' हे विचारू नका. तुम्ही पाचला घरी जाता, ती मुलगी रात्री जेवत नाही आणि तिच्याजवळ आम्ही बसतो. तिनं आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका. पण 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. कुणी त्रास दिल्याचं बोलली तर त्याच दिवशी अधीक्षकांच्या कानावर घाला. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. संस्थेतल्याच कुणाबद्दल असेल तर थेट 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणखी एक. शिकवणं सगळ्यांनाच हवं असतं. बँकेत खातं उघडायला, दवाखान्यात रांगेत थांबायला कुणी मिळत नाही. आम्हाला त्या मदतीची फार गरज असायची.

पिंपळपान: दोघांचेही मनापासून आभार. दर आठवड्याला जमेलच असं नाही. महिन्यातून दोनदा, पण वर्षभर, असं विचारू का?

सातारकर: नक्की विचारा. दुसरा आणि चौथा शनिवार असं ठरवूनच सांगा. जमणार नसेल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा आणि निरोप मुलांपर्यंत पोचवायला सांगा.