'रेन चेक' म्हणजे काय? आज रात्रीपर्यंत सांगा, अर्जंट आहे

रावेरी_घड
घाईत आहे, थोडक्यात लिहितो. इंग्रजीत 'रेन चेक' म्हणजे नक्की काय? मोबाइलवर भाषांतर केलं तर 'पाऊस तपासणी' आलं. इथे ४४ डिग्री तापलंय, तपासायला पाऊस कुठून आणू? एक घोळ आधीच झालाय, दुसरा नको.

तापीकाठ
पूर्ण वाक्य टाका ना भाऊ. कोणी लिहिलं, कशाबद्दल? बँकेचा चेक आहे का?

रावेरी_घड
बँकेचा नाही हो. मेल आलाय. त्यात 'अंडर द वेदर' पण आहे, त्याचंही सांगा.

मास्तर_७
इंग्रजीचा निवृत्त शिक्षक आहे, सांगतो. 'अंडर द वेदर'चा हवामानाशी काही संबंध नाही. अंगात कसकस आहे, बरं वाटत नाही, एवढंच. 'रेन चेक' अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आला. १८८० च्या दशकात पावसाने सामना बंद पडला की तिकिटाचा तुकडा जपून ठेवायचा, तो दाखवला की पुढचा सामना फुकट. त्यावरून 'आज जमत नाही, पुन्हा कधीतरी'. 'स्टील माय थंडर', म्हणजे माझं श्रेय पळवणं, तर याहून मजेदार. लंडनच्या जॉन डेनिसने १७०९ मध्ये आपल्या नाटकासाठी गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती शोधली. नाटक पडलं. युक्ती मात्र थिएटरवाल्यांनी दुसऱ्या नाटकाला वापरली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेला डेनिस ओरडला म्हणतात, माझा गडगडाट चोरला! अशा २०० वाक्प्रचारांची वही आहे माझ्याकडे, हवी तर फोटो टाकतो.

धुळ्याची_मिरची
सर, गडगडाट कोणी विचारलाय? आणि वह्या पाठ करून इंग्रजी येत नाही. मी रोज रात्री अर्धा तास इंग्रजी बातम्या ऐकते, झालं. बाकी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' मला माहीत आहे, जुन्या काळी गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची, पावसात घसरून खाली पडायची.

तापीकाठ
ती १९९९ च्या सुमाराची ईमेलमधली भाकडकथा आहे ताई. कुत्रं छपरावर कशाला झोपेल? आमच्या वाड्यातलं तर ओट्यावरून हलत नाही. मुसळधार म्हणजे तरी काय, आभाळातून मुसळं पडतात का?

चोपडा_आई
मदत नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहिते. मुलीच्या पुस्तकात आलं, 'सेव्ह फॉर अ रेनी डे'. मी सांगितलं, अडीअडचणीला चार पैसे गाठीला ठेवावेत. ती म्हणते, मग पावसाचा दिवस का? पाऊस आला तर बाबा खूश असतात, ओढ दिली की घरात कोणी बोलत नाही. मला उत्तरच सुचेना.

मास्तर_७
बरोबर बोलली. तिकडे पाऊस म्हणजे कटकट, इकडे बरकत. तिला सांगा, परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिही.

तापीकाठ
रावेरवाले भाऊ गेले कुठे? मेलात त्यापुढे काय लिहिलंय ते टाका. 'रेन चेक' म्हणजे कधी खरंच पुढे ढकलणं असतं, कधी गोड शब्दांत नकार. पुढच्या ओळीशिवाय कळत नाही.

रावेरी_घड
बागेत होतो, मजूर जेवायला बसले तेव्हा मोबाइल पाहिला. पुढे काही विशेष नाही, हवामानाचंच विचारलंय. 'लेट मी नो व्हॉट लेट जून लुक्स लाइक.' दुबईचा केळी खरेदीदार आहे, मूळचा इंग्लंडचा. पॅकहाउस, म्हणजे माल पॅक करायची शेड, बघायला येणार होता. मी कालच उत्तर दिलं की इकडे अजून पाऊस नाही, बिनधास्त या, जूनअखेर मात्र पडू शकतो. सोबत हवामान खात्याच्या अंदाजाचा स्क्रीनशॉट जोडला.

धुळ्याची_मिरची
अरे देवा 😄

मास्तर_७
अहो, तो हवामान विचारत नाही. जूनअखेर तुम्हाला कोणता दिवस सोयीचा, हे विचारतोय!

तापीकाठ
म्हणजे नकार नाही. ज्याला यायचं नसतं तो महिना सांगत नाही.

धुळ्याची_मिरची
असंच काही नाही. माझ्या भावाला एकाने 'पुढच्या महिन्यात नक्की' म्हणत दोन वर्षं झुलवलं.

तापीकाठ
तो आपल्याकडचा होता ना? मग त्यात इंग्रजीचा काय दोष?

रावेरी_घड
भांडण नंतर करा. आता लिहू काय? तो आजारी आणि मी त्याला ढग दाखवले.

मास्तर_७
आधी तब्येत विचारा, मग दोन तारखा द्या. 'होप यू आर फीलिंग बेटर. वूड द ट्वेंटी-फोर्थ ऑर द ट्वेंटी-सिक्स्थ ऑफ जून सूट यू?' बस. स्क्रीनशॉटबद्दल खुलासा नको. आणि नवा वाक्प्रचार तर मुळीच घालू नका.

रावेरी_घड
पाठवला. आभारी आहे सर. वहीचे फोटो टाकाच.

यावल_बागायतदार
धागा आत्ता पाहिला. इंग्रजीचं राहू द्या, पिलबागेच्या (जुन्या झाडाच्या पिलांवरच्या) केळीला बोर्ड भाव, म्हणजे जाहीर झालेला दर, काय निघाला आज रावेरला?

रावेरी_घड
बोर्ड भावाने देतंय कोण भो? बांधावर येऊन कमीच मागतात. म्हणून तर दुबईवाल्याच्या मागे लागलोय.