ट्रॉमासाठी समुपदेशक निवडताना नेमकं काय विचारायचं?

कोथरूडकर: पुण्यात समुपदेशक भरपूर आहेत. 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' (मनावरचा खोल आघात, म्हणजे ट्रॉमा, समजून काम करणारे) अशी पाटी लावणाऱ्यांपैकी हे काम खरंच येणारा कसा ओळखायचा?

सावली: आधी शिक्षण विचारा, संकोच नको. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी हवीच. नंबर मागून पडताळून घ्या. समुपदेशक एम.ए. मानसशास्त्र असले तरी चालेल, पण ट्रॉमाचं वेगळं प्रशिक्षण किती तासांचं आणि सध्या सुपरव्हिजन (अनुभवी तज्ज्ञाचं मार्गदर्शन) कोणाकडे, हे विचाराच. गोळ्या मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतील.

मुठाकाठ: पहिल्याच सत्रात "सगळं पहिल्यापासून सांगा" म्हणणारा घाई करतोय. आठवण उघडली आणि सावरायचं तंत्र हाताशी नसलं, की माणूस घरी जाऊन रात्रभर जागतो, छाती धडधडते, पुढच्या सत्राला येतच नाही. म्हणून आधी झोप, सुरक्षितता, ग्राउंडिंग (मन आत्ताच्या क्षणात आणणं): तळपाय फरशीवर घट्ट टेकवायचे, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं हळूहळू मोठ्यानं घ्यायची. ईएमडीआर या डोळ्यांच्या हालचाली वापरणाऱ्या ट्रॉमा-उपचाराच्या आठ टप्प्यांतही पहिले दोन पूर्वेतिहास आणि तयारीचेच असतात.

सावली: अगदी बरोबर. खोलीही बघा. दार दिसेल असं बसता येतं का? "थांबूया" म्हटल्यावर लगेच थांबतात का? करुणा गोड बोलण्यात नाही, इथे दिसते. गोपनीयता कुठे संपते (जिवाला धोका, किंवा पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) हेही पहिल्या भेटीतच सांगायला हवं.

मुठाकाठ: मध्यरात्री असह्य झालं तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. विनामूल्य आहे, मराठीतही बोलतात.