मदत हवी आहे: अंबाबाईकडे खूण मागितली, आता काय समजू?

नमस्कार मंडळी. पुण्यात चांगली नोकरी मिळतेय, पण इथं कोल्हापुरात आई एकटी. निर्णय होईना म्हणून ११ नोव्हेंबरला, किरणोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, देवळात गेले. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या पायांवर, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात, हे लहानपणापासून ऐकलेलं. मनात म्हटलं, 'आई, आज मुखावर आली तर मी जाते.'

महाद्वाराकडून उन्हाचा पिवळा पट्टा फरशीवरून सरकत आला, गाभाऱ्यात शिरला, कमरेपर्यंत चढला आणि ढग आला. सगळं विझलं. शेजारच्या आजींनी तरीही हात जोडले, "आली गं बाई, जेवढी यायची तेवढी."

हा नकार समजायचा का? आत्या म्हणते, गावच्या देवाला कौल लाव, उजवं फूल पडलं की जा. पण हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहणं मला बरं वाटत नाही. आणि आईला तर मी अजून नीट विचारलेलंच नाही.

कुणी असा कौल लावून निर्णय घेतलाय का? उत्तर मनाविरुद्ध आलं तेव्हा काय केलंत? आईपाशी विषय कसा काढू? कृपया सांगा.