लाल शर्टाचा रंग चादरीला लागला, काय करू?

निळाई:
नवा लाल सुती शर्ट चुकून पांढऱ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये गेला. धुतल्यावर सगळे कपडे दोन तास ओलेच आत राहिले. सुती चादर गुलाबी झाली, नायलॉनच्या मोज्यांवर तर गडद रंग चढला, पण पॉलिएस्टरचा टीशर्ट पांढराशुभ्र! असं कसं? चादर वाचेल का? आणि शर्टाचा रंग पक्का व्हावा म्हणून तो मिठात भिजवू का?

सूतकाम:
आधी चादर बघा. ती वाळू देऊ नका. ड्रायर, इस्त्री तर अजिबात नको, उष्णतेने रंग आणखी घट्ट बसतो. ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेट) गरम पाण्यात विरघळवून चादर रात्रभर भिजत घाला. एकदा धुऊन भागलं नाही तर पुन्हा करा. लोकर, रेशीम यांना मात्र हे लावू नका.

मीठ नको. सूत रंगवताना मीठ लागतं हे खरं, पण तिथे ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलण्यापुरतं असतं. रंग धाग्याशी कायमचा जोडला जातो तो नंतर घातलेल्या धुण्याच्या सोड्यामुळे. तेव्हा जो रंग जोडला न जाता नुसताच धाग्यात अडकून राहतो, तोच तुमच्या पाण्यात उतरला. त्याला धरून ठेवायचं नसतं, धुऊन काढायचं असतं. शर्ट तीन-चार वेळा वेगळा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. व्हिनेगरनेही सुती कापडाचा रंग पक्का होत नाही.

आता मोजे. असे रंग पाण्यात ऋणभारित असतात आणि नायलॉनमध्ये त्यांना ओढून घेणाऱ्या जागा असतात, म्हणून ते सुतापेक्षाही जास्त रंग पितं. पॉलिएस्टर पाण्यात फुगतच नाही. त्याला रंगवायला वेगळे रंग आणि साधारण १३० अंश तापमान लागतं.

धागादोरा:
ओले कपडे एकमेकांना चिकटून पडले, त्यानेही बराच रंग लागला असणार. मशीन थांबलं की लगेच काढत जा. नवा गडद कपडा असेल तर आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून बघा.

निळाई:
चादर भिजत घातली. जीन्सचंही असंच असतं का?

सूतकाम:
नाही. जीन्सचा रंग म्हणजे नीळ (इंडिगो). ती पाण्यात विरघळत नाही, ती धाग्याच्या बाहेरच्या थरावर बसलेली असते आणि घासली की कण सुटतात. जीन्स उलटी करून गार पाण्यात वेगळी धुवा.