मुलीचं आडनाव कायदेशीररीत्या बदलायचं आहे (पुणे) – मदत हवी आहे

रानजाई:

नमस्कार. मुलगी आठ वर्षांची आहे, तिसरीत, राज्य मंडळाची शाळा. २०२२ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. ताबा माझ्याकडे. दर उन्हाळ्यात आणि दिवाळीत ती वडिलांकडे राहायला जाते, पोटगी वेळेवर येते, भांडण असं काही नाही.

मी माहेरचं आडनाव परत लावलं आहे, मुलीचं अर्थातच वडिलांचं आहे. दवाखान्यात, बँकेत, रेल्वेच्या आरक्षणात प्रत्येक ठिकाणी "तुम्ही हिच्या कोण?" हे ऐकावं लागतं. ते मी सहन केलं असतं. पण लेक आताशा वह्यांवर माझं आडनाव लिहायला लागली आहे आणि बाई ते खोडून परत जुनं लिहायला लावतात. म्हणून आता हे करायचंच ठरवलं.

घराजवळच्या ई-सेवावाल्याने सांगितलं, "मॅडम, गॅझेट करून देतो, एक फोटो आणि आधार द्या, झालं काम." (गॅझेट म्हणजे सरकारी राजपत्रात नावबदल छापून घेणं.) खरंच एवढंच असतं का? वडिलांची सही लागते का? जन्मदाखला बदलून मिळतो का? तिच्या वडिलांना विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. नाही म्हणाले नाहीत, पण हो पण नाही.

आमच्या संमतीच्या अटींमध्ये आडनावाबद्दल एक ओळही नाही.

पेठेतला_पाहुणा:

गॅझेट करा, मोकळ्या व्हा. माझ्या भाचीचं झालं तसंच. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज, फी, मग पीडीएफ येते. सुप्रीम कोर्टानेही २०२२ मध्ये सांगितलं आहे की मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईचा आहे.

काळाकोट:

पाहुणे, तो निकाल पूर्ण वाचा. जुलै २०२२ चा आहे, आंध्रातल्या प्रकरणातला. त्यात मुलाचे वडील वारले होते आणि आईने दुसरं लग्न केलं होतं. आजीआजोबा म्हणत होते, जुनंच आडनाव ठेवा. वडिलांच्या पश्चात आई हीच एकमेव नैसर्गिक पालक, म्हणून आडनाव ती ठरवू शकते, असं न्यायालयाने म्हटलं. कागदपत्रांत नव्या नवऱ्याचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करायचा खालचा आदेशही त्यांनी चुकीचा ठरवला. निकाल उत्तमच आहे. पण रानजाईताईंच्या बाबतीत वडील हयात आहेत, मुलीला भेटतात, पैसे देतात. इथे तो जसाच्या तसा लागू होत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने मुलीचा ताबा तुम्हाला मिळाला, त्याने वडिलांचं पालकत्व संपलं नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'नंतर'चा अर्थ 'वडिलांच्या गैरहजेरीत' असा लावला, म्हणजे ते हयात असले तरी काही परिस्थितीत आई पालक म्हणून काम करू शकते. पण तुमचे माजी पती गैरहजर नाहीत ना? उद्या त्यांनी हरकत घेतली तर नुसत्या गॅझेटच्या जोरावर तुम्ही काय दाखवणार?

आणि ई-सेवावाल्याला म्हणावं, राजपत्राचा भाग दोन उघडून त्यातली टीप वाच. मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासन घेत नाही, कागदपत्रं न तपासता अर्जदाराच्या म्हणण्यावरून तो छापलेला असतो, असं तिथेच लिहिलेलं असतं. गॅझेट ही जाहीर सूचना आहे. पालकांपैकी कोणाचं म्हणणं बरोबर, ते ठरवायचं काम त्याचं नाही.

पेठेतला_पाहुणा:

बरं बाबा, मागे घेतो. भाचीचे वडील सही द्यायला स्वतः आले होते हे सांगायचं राहिलं.

काळाकोट:

मग तिथेच तर सगळं सोपं झालं.

ताई, 'बघू' म्हणाले ही चांगली गोष्ट आहे. आधी त्यांना तयार करा. तयार झाले तर दोघांनी मिळून त्याच न्यायालयात अर्ज द्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबाबतचे आदेश हुकूमनाम्यानंतरही बदलता येतात. संयुक्त पुरसीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) आणि दोघांची प्रतिज्ञापत्रं दिली की वादाचं कारण उरत नाही. तयार झाले नाहीत तर एकटीने अर्ज करता येतो, पण मग नोटीस जाणार, त्यांचं म्हणणं येणार, आणि न्यायाधीश एकच गोष्ट बघणार: मुलीचं हित. आठ वर्षांच्या मुलीशी ते स्वतः बोलूही शकतात. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका वडिलांनी उलटी मागणी केली होती, मुलीला आईचं आडनाव नको, माझंच हवं. न्यायालयाने ऐकलं नाही, मुलगी काही वडिलांच्या मालकीची नाही असं सुनावलं. म्हणजे वडिलांचं आडनाव हा त्यांचा हक्कच, असं कोणी समजू नये. आपोआप आईचं मिळतं असंही नाही.

आदेशाच्या मागणीत एक वाक्य आवर्जून घाला: शाळा आणि जन्म-मृत्यू निबंधक यांनी त्याप्रमाणे नोंद घ्यावी. नाहीतर आदेश हातात असूनही खिडकीवरचा माणूस म्हणतो, "यात आमचं नाव कुठे आहे?"

चिंचेचं_पान:

जन्मदाखल्याबद्दल सांगते, या कामात थोडी वर्षं काढली आहेत. लोक येऊन म्हणतात, दाखला बदलून द्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १५ आहे, ते चूक दुरुस्तीचं. तीसुद्धा मूळ नोंद न खोडता समासात शेरा लिहून, सही-तारीख घालून करायची असते. जन्माच्या वेळी तुमच्या मुलीचं आडनाव वडिलांचंच होतं, म्हणजे नोंदीत चूक नाहीच. त्यामुळे निबंधक लगेच हात लावत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. कोर्टाचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर जुना दाखला आणि गॅझेट दोन्ही एकत्र ठेवायचे, आयुष्यभर. लॅमिनेट करू नका, प्लीज.

आबा_कोथरूडकर:

मधलं नाव काय करणार हे कोणीच विचारलं नाही! आपल्याकडे नाव तीन पदरी. आडनाव आईचं आणि मध्ये वडिलांचं नाव, की मध्ये पण आईचं? आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता. (आता सुनेने नातवाचं नाव नोंदवताना मला न विचारता आईचं नाव घातलं. मे २०२४ पासून शासनाचा नियमच आहे म्हणाली. बघितलं तर खरंच: १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलंच लांबलचक होतं, पण हरकत नाही.)

रानजाई:

आबा, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता! खरं तर त्यांचं नाव मधून काढावं असं माझ्या मनात नाही. ते तिचे वडील आहेतच. मला फक्त आडनाव माझं हवं आहे.

काळाकोट:

मग हेच त्यांना सांगा. ताई, निम्म्या वडिलांचा विरोध "मला पुसून टाकतेय" या भीतीपोटी असतो. नाव मध्ये राहणार, आडनाव तेवढं बदलणार, हे मसुद्यात स्पष्ट लिहा. संमतीची शक्यता पुष्कळ वाढते.

दुसरीची_बाई:

मी शिक्षिका आहे. शाळेत जनरल रजिस्टर नावाचा मोठा ग्रंथ असतो, दाखल होताना लिहिलं ते त्यात कोरलेलं. बदल मुख्याध्यापक मनाने करत नाहीत. अर्ज आणि गॅझेट किंवा कोर्टाचा आदेश जोडून प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, मान्यता आली की लाल शाईने नोंद. मूल शाळेत शिकत असतानाच हे करा. दहावीचा फॉर्म भरला, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला, की पुढे सगळंच अवघड. तिसरीत आहे, भरपूर वेळ आहे, म्हणून ढिलाईही करू नका.

आणि आधार! यू-डायसला (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) विद्यार्थ्याचं नाव आधारशी जुळावं लागतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यामुळे आधी कोर्टाचं निस्तरा, मग गॅझेट, मग आधार, मग शाळा. घाईत अर्धवट बदल करून एक संधी वाया घालवू नका.

वह्यांवर तिला हवं ते लिहू द्यायला हवं होतं, असं मला व्यक्तिशः वाटतं. हजेरीपटावर नको, वहीवर काय बिघडतं?

निंबोणी:

थोडं विषयांतर. माझ्या बहिणीचं दुसरं लग्न झालंय, मुलीला नव्या नवऱ्याचं आडनाव लावायचंय. पहिले वडील आहेत. हीच पद्धत का?

काळाकोट:

नुसतं आडनाव हवं असेल तर बरंचसं हेच. पण लोक बऱ्याचदा थेट दत्तकाकडे जातात. तो मोठा निर्णय आहे. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात पहिल्या वडिलांची संमती लागते, पुरुषाने मुलगी दत्तक घेताना दोघांत किमान २१ वर्षांचं अंतर लागतं, आणि त्याला आधीची हिंदू मुलगी असेल तर चालत नाही. मुख्य म्हणजे कलम १२: दत्तक झालं की जन्मघराण्याशी नातं तुटतं. आधीच तिच्या नावे आलेली मिळकत राहते, पुढची नाही. आडनाव बदलल्याने वारसाहक्काला काही होत नाही, दत्तकाने होतं. हा फरक बहिणीला नीट समजावून सांगा.

पेठेतला_पाहुणा:

जातीच्या दाखल्याचं काय? ओबीसी असाल तर हा मुद्दा आधी.

रानजाई:

हो, तिचे वडील ओबीसी आहेत. मी नाही.

चिंचेचं_पान:

मग ऐका. जात पडताळणीत समिती वडिलांकडची कागदपत्रं आणि वंशावळ बघते. मुलीचं आडनाव तुमचं आणि वंशावळीत सगळे त्यांचे, म्हणजे दुवा सिद्ध करायला गॅझेट आणि आदेश लागणार. त्यात वडिलांचं नाव मध्ये तसंच राहणार हे इथेही उपयोगी पडेल. संबंध चांगले आहेत तोवर त्यांचा आणि तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला, त्यांचं जात प्रमाणपत्र, कोणा काका-आत्याचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते, सगळ्याच्या प्रती आत्ताच मागून ठेवा. बारावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी मागायला गेलात तर फोन उचलतीलच असं नाही.

आबा_कोथरूडकर:

हे मात्र लाखमोलाचं सांगितलंत.

निंबोणी:

पासपोर्टला तरी आता अडत नाही ना? ऐकलंय एकाच पालकाचं नाव चालतं.

काळाकोट:

डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील, कोणा एकाचं नाव दिलं तरी चालतं. पण अल्पवयीन मुलासाठी दोन्ही पालकांची संमती नसेल तर ठरावीक नमुन्यातलं घोषणापत्र लागतं. कोर्टाचा आदेश असला की मुंढव्याच्या केंद्रावर समजावत बसावं लागत नाही. तिथेही शेवटी एकच: आडनावाचा कागद भक्कम हवा.

रानजाई:

सगळ्यांचे आभार. ई-सेवावाल्याला थांबवलं आहे. काल तिच्या वडिलांशी फोनवर बोलले. मधलं नाव तसंच राहणार म्हटल्यावर स्वर बदलला. "मसुदा पाठव, वाचून सांगतो" म्हणाले. काळाकोट, तुम्ही सांगितलेलं निबंधक आणि शाळेचं वाक्य माझ्या वकिलांना दाखवते. जातीच्या कागदांचंही त्याच फोनमध्ये विचारलं, आजोबांचा दाखला गावी आहे, दिवाळीत आणतो म्हणाले.

एकच शेवटचं: तिचं सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात आहे, जुन्या आडनावाने. ते बंद करून नवीन काढू का?

दुसरीची_बाई:

अजिबात नको. एका मुलीच्या नावावर एकच खातं चालतं. तेच खातं ठेवा, आधार बदलून झालं की त्यासोबत गॅझेटची प्रत घेऊन पोस्टात नाव बदलाचा अर्ज द्या. आणि पासबुकची झेरॉक्स आधी काढून ठेवा.